पिल्लं बघण्याचा कार्यक्रम

आपल्याकडे कुणाच्याही घरी काहीही जन्माला आलं की पहिला प्रश्न एकच असतो. बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत ना, हा दुसरा. माणसांच्या बाबतीत हा पहिला प्रश्न निदान नऊ महिने तरी उघडपणे विचारता येत नाही, कारण कायदा आडवा येतो. गर्भलिंगनिदानाला वेसण घालणारा कायदा महाराष्ट्राने इतर राज्यांच्या आधी, १९८८ साली केला. १९९४ साली देशभरासाठी कायदा झाला आणि आता प्रत्येक सोनोग्राफी केंद्राच्या भिंतीवर 'येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही' अशी पाटी असते. बदकांना हा कायदा लागू नाही. त्यामुळे वर्षानुवर्षं दाबून ठेवलेली सगळी हौस लोक बदकांच्या पिल्लांवर भागवून घेतात.

वसईच्या पश्चिम पट्ट्यात अजून थोड्या वाड्या शिल्लक आहेत. केळी, पानवेली, नारळ आणि वाडीच्या कडेला बावखल. बावखल म्हणजे गोड्या पाण्याचं छोटं तळं. पावसाळ्यात ते भरायचं, पाणी जमिनीत मुरायचं, आणि उन्हाळ्यात त्यातूनच वाडी शिंपायची, अशी जुनी सोय. बरीचशी बावखलं बुजवून त्यांवर इमारती उभ्या राहिल्या. आमच्या सासरचं बावखल वाचलं, कारण ते कुणाच्या वाटणीचं यावर भावाभावांत कोर्टात वाद चालू आहे. पर्यावरणरक्षणात भाऊबंदकीचा वाटा किती मोठा आहे याची कुणी नोंद घेत नाही.

तर दाराशी बावखल असल्यावर सासूबाईंच्या मनात बदकं आली, आणि त्यांच्या मनात आलेली गोष्ट दोन बाजारांच्या आत टोपलीत येते. खाकी कॅम्पबेल जातीची डझनभर पिल्लं. ही जात काढली इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरशायर परगण्यातल्या अ‍ॅडेल कॅम्पबेल नावाच्या बाईंनी, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला. त्यांच्याकडे अंडी बरी देणारी एक इंडियन रनर बदकी होती. ही रनर नावाचीच इंडियन, तिचं मूळ आजच्या इंडोनेशियाच्या बेटांवरचं. तिचा संकर अंगापिंडाने भरलेल्या रूएन जातीच्या नराशी केला, पुढे रानबदकाचं रक्त मिसळलं, आणि जी जात तयार झाली तिच्या माद्या नीट खायला मिळालं तर वर्षाला ३०० च्या घरात अंडी देतात.

नर अर्थातच एकही देत नाहीत. शिवाय नुसती खायची अंडी हवी असतील तर नर लागतही नाही. मादी त्याच्यावाचून अंडी घालते, फक्त त्यांतून पिल्लं निघत नाहीत. ही माहिती मी सकाळच्या चहाला सांगितली, तेव्हा घरातल्या पुरुषमंडळींनी पेपर जरा वर धरले.

विकणाऱ्याने पिल्लं न निवडता दिली होती. "निम्मी निम्मी धरा," एवढंच तो म्हणाला. सासूबाई पडवीत टोपलीपुढे बसल्या, आत बघून त्यांनी हात जोडले आणि म्हणाल्या, "देवा, मुलीच असू देत रे बाबा. मुलगा एखादाच पुरे." याच सासूबाईंनी माझ्या मुलीच्या वेळी हॉस्पिटलच्या व्हरांड्यात "असू दे, पहिली बेटी धनाची पेटी" असं म्हटलं होतं आणि बर्फी पाव किलो आणली होती. आमच्याकडे मुलगा झाला की पेढे आणि मुलगी झाली की बर्फी, असा रिवाज आहे. नणंदेच्या मुलाच्या वेळचे पेढे किलोंत मोजले होते. मी काही बोलले नाही. माणसाला उशिरा का होईना मुलगी हवीशी वाटली, तर आपण मोडता घालू नये.

एक दिवसाचं बदकाचं पिल्लू हातात घेऊन बघा. मऊ लव, टिकलीएवढे काळे डोळे, पसरट चोच, बोटांमध्ये पडदे आणि सतत चीं-चीं. नर आणि मादी यांत नजरेला फरक असा काही नाही. पण वाडीत बातमी फुटली आणि संध्याकाळपासून लोक पिल्लं बघायला येऊ लागले. हा कार्यक्रम मुलगी बघण्याच्या चालीवरच झाला. सतरंजी, पोहे, चहा, मग टोपली पुढे. कुणी चालून दाखवायला लावलं, कुणी पायांची बोटं बघितली. फरक इतकाच, की इथे बघायला आलेले सगळे मुलीच्या बाजूचे होते.

पहिले आले पलीकडच्या वाडीतले काका. त्यांनी पिल्लांकडे बघितलंच नाही. "अंडी कुठायत?" त्यांनी विचारलं. अंडी म्हणजे ज्यातून ही निघाली ती. ती नाहीत म्हटल्यावर त्यांनी कपाळावर हात मारला. "मग काय उपयोग? टोकदार अंड्यातून नर, गोल अंड्यातून मादी. माझ्या आजोबांपासूनचं आहे हे." काकांच्या आजोबांना ठाऊक नसेल, पण हे त्यांच्याही बरंच आधीपासूनचं आहे. पहिल्या शतकात कोलुमेला नावाच्या रोमन गृहस्थाने शेतीवर मोठा ग्रंथ लिहिला. त्यातही कोंबडीखाली अंडी ठेवताना नर हवे असतील तर लांबट आणि टोकदार निवडा, माद्या हव्या असतील तर गोल निवडा, असा सल्ला आहे. दोन हजार वर्षांत एकाही अंड्याने तो मनावर घेतलेला नाही. अंड्याला आकार येतो तो मादीच्या पोटातल्या नळीत, पुढे सरकता सरकता. आतलं पिल्लू नर की मादी हे त्याच्या आधीच ठरून गेलेलं असतं.

आणि ते कोण ठरवतं, हा भाग तर फारच रंगतदार आहे. माणसांत आईकडून नेहमी एक्स गुणसूत्र मिळतं आणि बापाकडून एक्स किंवा वाय, म्हणजे मुलगा की मुलगी याचा निकाल बापाच्या हातात. पक्ष्यांत नेमकं उलट आहे. नराकडे झेड आणि झेड, मादीकडे झेड आणि डब्ल्यू. तिने अंड्यात काय टाकलं यावर सगळं अवलंबून. थोडक्यात, माणसांत ठरतं बापाकडून आणि बोल लागतो आईला. बदकांत ठरतं खरोखर आईकडून आणि तिला कुणी चकार शब्द बोलत नाही. हेही चहाला सांगायचं होतं, पण पेपर अजून खाली आले नव्हते.

दुसऱ्या आल्या मावशी. त्यांचं शास्त्र अंगठीचं. सोन्याची अंगठी दोऱ्यात ओवायची आणि पिल्लाच्या डोक्यावर धरायची. गोल फिरली तर मुलगी, सरळ हलली तर मुलगा. मावशींनी या पद्धतीने नात्यातल्या निम्म्या बाळंतपणांचा निकाल लावलेला आहे, आणि जे चुकले ते डॉक्टरांमुळे. प्रयोग पडवीत झाला. डोक्यावर पंखा होता. अंगठी सुरेख गोल फिरली, प्रत्येक पिल्लावर फिरली, सासूबाईंचा चेहरा खुलत गेला. निम्म्यावर आलो आणि दिवे गेले. पंखा थांबला, अंगठी सरळ हलू लागली, आणि उरलेले सगळे मुलगे निघाले. मावशी म्हणाल्या, "बघा, निम्मी निम्मी. विकणारा खरं बोलत होता."

तिसरे चुलतदीर. त्यांनी पिल्लू तळहातावर उताणं केलं. "पाय झाडले, धडपडला, तर नर. गप्प पडून राहिली तर मादी." ही परीक्षा कुठल्या बदकाने नव्हे, कुठल्या तरी दिराने शोधून काढली असणार, हे ऐकल्याबरोबर लक्षात येतं. उताण्या पिल्लांपैकी जवळजवळ सगळ्यांनी पाय झाडले, कारण उताणं पडून राहणं कुठल्याच बदकाला आवडत नाही. एक मात्र गप्प राहिलं. "ही तुझ्या वळणाची," दीर आपल्या बायकोला म्हणाले. जाऊबाईंनी त्यांच्याकडे जे पाहिलं, त्यावरून त्यांची परीक्षा किती कच्ची आहे ते आम्हां सगळ्यांना कळलं.

चौथा भाचा, विरारच्या बाराव्या मजल्यावरून आलेला. त्याने मोबाइलने फोटो काढला. त्याच्या अ‍ॅपने थोडा विचार करून हा बगळ्याचा प्रकार असल्याचं सांगितलं. त्याने दुसऱ्या बाजूने फोटो काढला, तेव्हा ते घरगुती मांजर झालं. मागे खरंच मांजर बसलं होतं आणि ते गेला तासभर अतिशय शास्त्रीय नजरेने टोपलीचं निरीक्षण करत होतं. पिल्लू नर की मादी याची फिकीर नसलेलं त्या मेळाव्यात तेवढंच एक होतं.

पाचवे नात्यातले भाऊजी. त्यांनी कधी काळी कुक्कुटपालनाचा कोर्स केला होता आणि बाह्या सरसावूनच ते पडवीत शिरले. हे प्रकरण मात्र खरं शास्त्रीय होतं. पिल्लाच्या शेपटीखालचं द्वार हलकेच दाबून उघडायचं आणि आत बघायचं. जपानच्या मासुई कियोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोंबडीच्या पिल्लांसाठी ही पद्धत बसवली. १९२७ साली कॅनडातल्या ओटावा इथे भरलेल्या जागतिक कुक्कुट परिषदेत ती जगापुढे आली, आणि मग जपानी तज्ज्ञांना अमेरिका-युरोपच्या उबवणी केंद्रांतून बोलावणी येऊ लागली. तयार झालेला माणूस ताशी हजारभर पिल्लं बघतो आणि क्वचित चुकतो. पुन्हा बदकांत हे काम कोंबड्यांपेक्षा सोपं. बहुतेक पक्ष्यांच्या नरांना बाहेर येणारं इंद्रिय नसतं. बदकं त्या थोड्या अपवादांत मोडतात, त्यामुळे पहिल्या दिवशीच्या नरालाही तिथे बारीकसा कोंब दिसतो.

सोपं हे तयार हाताला. कच्च्या हाताने जरा जास्त दाबलं तर पिल्लाला इजा होते, जन्माची होते. भाऊजींनी चष्मा कपाळावर चढवला, पिल्लू उजेडाकडे धरलं, सासूबाईंनी मुलीची लाज राखायला पदर आडवा धरला, आणि भाऊजींनी दाबलं. आत काय आहे ते भाऊजींना दिसण्याआधी त्यांच्या शर्टावर आलं. परीक्षा तिथेच आटोपती घेण्यात आली. जाताना ते म्हणाले, "नर आहे. माझ्यावर आलंय त्यावरून सांगतो."

या सगळ्या काळात कुंपणापलीकडच्या आजी आपल्या ओट्यावर बसून वालाच्या शेंगा सोलत होत्या. तांबडं लुगडं नेसणाऱ्या, ओट्यासमोर क्रूस असलेल्या आमच्या या शेजारणीने जन्मभर बदकं पाळली आहेत. मी कुंपणाशी जाऊन विचारलं, "आजी, तुम्हांला काय वाटतं?"

"काय वाटायचं, पोरी? अजून बोलायला कुठे लागलीत ती? बोलायला लागली की बाई कोण ते आपोआप कळेल. बाई गप्प राहते काय?"

एवढं सांगून त्या पुन्हा शेंगांकडे वळल्या. पाच तज्ज्ञ, दोन कढया पोहे आणि एका शर्टानंतर खरा सल्ला मिळाला तो हा. पण 'थांबा' हा सल्ला आपल्याकडे सल्ल्यात धरत नाहीत. वाडीवाले काका रोज येत राहिले. एका गडद पिल्लाला त्यांनी चालीवरून नर ठरवलं आणि त्याला 'पाटील' म्हणू लागले. पाटील छाती काढून चालायचा, खाणं टाकलं की बाकीच्यांच्या अंगावरून पहिला पोचायचा. "बघा, पुरुषाचं लक्षण," काका म्हणायचे. आमच्या घरात पंगतीला पहिलं कोण बसतं ते पाहता युक्तिवाद अगदीच निराधार नव्हता.

पाच-सहा आठवडे उलटले. लव जाऊन पिसं येऊ लागली, अंगाला मातकट रंग चढला, आणि एका सकाळी खुराड्यातून चीं-चींच्या जागी काहीतरी दणदणीत ऐकू आलं. पुरं 'क्वॅक'. तोवर नर-मादी दोघंही पिल्लाच्याच आवाजात बोलतात. साधारण या वयापासून आवाज फुटू लागतो आणि आठव्या-नवव्या आठवड्यापर्यंत निकाल लागतो. आजी हात पुसत आल्या. "आण एकेक."

एकेक आणायचं हे महत्त्वाचं. घोळक्यात सगळी एकदम ओरडतात आणि कोण काय बोललं ते कळत नाही. आमच्याकडच्या सोसायटीच्या मीटिंगा बघितलेल्यांना हे सांगायला नको. नारळाच्या झापाचा आडोसा केला, त्याच्या एका बाजूला कळप, दुसऱ्या बाजूला आजी. बदक धरण्याचीही रीत आहे. पाय धरून उचलायचं नाही, बदकाचे पाय नाजूक, पटकन दुखावतात. आजींनी मागून येऊन दोन्ही पंख अंगासरशी दाबले, एक हात छातीखाली घातला, पाय बोटांमध्ये घेतले आणि बदक काखेत धरलं, तोंड पुढे, शेपूट मागे. शेपूट मागे का, ते भाऊजींना विचारा. मग काही करायचं नाही, नुसतं धरून उभं राहायचं. आपण कळपातून एकटे पडलो हे कळलं की बदक स्वतःच तक्रार नोंदवतं.

पहिलीने अशी तक्रार नोंदवली की बावखलाच्या पलीकडची कुत्री उठून बसली. स्वच्छ, खणखणीत, एकामागून एक, शेवटाला उतरत जाणारे क्वॅक. "मुलगी," आजी म्हणाल्या, आणि सासूबाईंनी तिच्या पायात हिरवा दोरा बांधला, सैल, पाय अजून भरायचा होता म्हणून. दुसऱ्याने चोच उघडली. गळा फुगला, मान पुढे गेली, सगळा आवेश तोच, आणि बाहेर आलं ते फक्त खर्र... खर्र... विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी मंडळाच्या अध्यक्षांचा आवाज असतो तसा. "हा मुलगा," आजी म्हणाल्या आणि त्याला बिनदोऱ्याचा सोडून दिला.

नराचा आवाज असा बसलेला का, याचं कारण त्याच्या छातीत आहे. पक्ष्यांची आवाजाची पेटी आपल्यासारखी गळ्याच्या वरच्या टोकाला नसते. श्वासनलिकेला जिथे दोन फाटे फुटतात तिथे, खाली खोल असते. नर बदकात त्या जागी डाव्या अंगाला हाडाचा एक पोकळ फुगवटा असतो, मादीत तो नसतो. आवाज त्यातून येताना मऊ, घोगरा होतो. नर कितीही जीव तोडून ओरडला तरी ऐकणाऱ्याला तो कानगोष्ट करतोय असंच वाटतं. आमच्या घरात हा शोध स्त्रीवर्गाने फार आनंदाने स्वीकारला. सासूबाई तर म्हणाल्या, "निसर्गाला कळतं, कुणाचं किती ऐकायचं ते."

ही परीक्षा सरसकट सगळ्या बदकांना लावू नका, एवढं सांगते. मध्य आणि दक्षिण अमेरिकेतून आलेली, तोंडावर लाल गाठी असलेली थोराड मस्कोव्ही बदकं असतात, त्यांत मादीसुद्धा क्वॅक करत नाही आणि नर नुसता फुसफुसतो. तिथे डोळ्यांनी ठरवावं. पूर्ण वाढीचा नर मादीच्या जवळपास दुप्पट होतो, तेव्हा गोंधळ राहत नाही. बाकीची पाळीव बदकं मॅलार्ड या रानबदकाच्या वंशातली. शेपटीखाली न बघता ठरवायचं तर त्यांच्यात आवाज हाच सर्वांत आधीचा आणि सर्वांत भरवशाचा पुरावा.

पाटलांची पाळी आली तेव्हा काका मुद्दाम हजर होते. आजींनी उचललं. पाटलांनी छाती काढली आणि अशी काही बोंब ठोकली की काकांच्या हातातला चहा बशीत आला. क्वॅक, क्वॅक, क्वॅक. सासूबाईंनी हिरवा दोरा बांधला. काका थोडा वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, "काही काही नरांचा आवाज बायकी असतो."

काकांसारख्यांसाठी निसर्गाने पुढेही पुरावे ठेवलेले आहेत. या जातीत चोचीचा रंग हळूहळू वेगळा होतो, नराची हिरवटपणाकडे जाते. तीन-चार महिन्यांचा झाला की नराच्या शेपटीच्या वरच्या बाजूला दोन-चार पिसं निघतात आणि ती वर, पुढे, गोल वळतात. मिशीला पीळ भरावा आणि ती चुकून मागच्या बाजूला लावावी, असं ते ध्यान. मादीच्या शेपटीची पिसं सरळ राहतात. एवढा उघड पुरावा मिळाला म्हणून खूश होऊ नका. वर्षातून एकदा पिसं झडतात तेव्हा हा पीळही गळून पडतो. रानातल्या मॅलार्डचा नर तर विणीचा काळ संपला की हिरवं डोकं आणि सगळा थाट उतरवून ठेवतो आणि काही आठवडे मादीसारखा मातकट होऊन बसतो. पंखांची पिसंही त्या सुमाराला एकदम गळतात, उडता येत नाही, मग लपून राहण्यातच शहाणपण. संकटाच्या वेळी बायकोच्या आड उभं राहण्याची ही पद्धत फक्त बदकांत आहे असं माझं म्हणणं नाही.

उलटाही चमत्कार क्वचित होतो. मादीचा डावाच बीजकोश कामाचा असतो. म्हातारपणी किंवा आजारात तो बंद पडला, तर तिच्या अंगावर नराची पिसं येऊ लागतात, कधी शेपटीलाही पीळ पडतो. आवाज मात्र बाईचाच राहतो, कारण छातीतला तो हाडाचा फुगवटा काही म्हातारपणी उगवत नाही. आजींना मी हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "सासू झाल्यावर आम्हांला पण मिशा येतात, त्यात काय." सासूबाईंनी ऐकलं आणि विषय बदलला.

मी मात्र या सगळ्यात दुसऱ्याच गोष्टीचा विचार करत होते. अंड्यांच्या धंद्यातल्या कोंबड्यांचे नर पिल्लू म्हणूनच, पहिल्याच दिवशी, नको म्हणून मारले जातात. जर्मनीने २०२२ पासून त्यावर बंदी आणली, तोवर तिथेही दरवर्षी कोट्यवधी पिल्लं अशी जात होती. आता पलीकडे फ्रान्सला या. तिथे मस्कोव्ही नर आणि साधी बदकी यांच्या संकरातली बदकं यकृतासाठी खाऊ घालून फुगवतात. या धंद्याला नर लागतात, कारण मादीचं यकृत लहान आणि शिरांचं निघतं. तेव्हा तिथल्या उबवणी केंद्रात पहिल्याच दिवशी नकोशी ठरते ती मुलगी. दोन्हीकडे पिल्लंच, पण एका ताटात ऑम्लेट आहे म्हणून मुलगा नको आणि दुसऱ्या ताटात यकृत आहे म्हणून मुलगी नको. आमच्या सासूबाईंना मुली हव्या झाल्या त्या अंड्यांपायी. माणसांतही मुलगा हवा असतो तो कधी शेतीपायी, कधी आडनावापायी, कधी अग्नी द्यायला. टोपली घेऊन दाराशी उभं राहणाऱ्याला काय न्यायचंय, यावर आतल्याचं मोल. टोपलीतल्यांना त्यातलं काहीच ठाऊक नसतं. ती आपली चीं-चीं करून खायला मागत असतात, दोन्हीकडची सारखीच.

हे मी चहाला सांगितलं, आणि या वेळी पेपर खाली आले. सासूबाई थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "बर्फी कमी पडली होती का गं त्या वेळी?" मी म्हटलं, "पडली होती." त्या उठल्या. दुपारी घरात एक किलोचा बॉक्स आला. माझी मुलगी कॉलेजात आहे. तिने कारण न विचारता अर्धा संपवला.

आता प्रश्न राहिला बिनदोऱ्याच्यांचा. विकणाऱ्याने निम्मी म्हटली होती, पण नर जरा जास्तच निघाले. पाच-सहा माद्यांमागे एक नर, हे साधारण प्रमाण. त्याहून नर जास्त झाले तर ते एकमेकांशी भांडतात आणि माद्यांना छळतात, मानेवरची पिसं उपटतात, पाण्यात दाबून धरतात. तेव्हा एकच ठेवायचा ठरला, आणि आमच्या पडवीत पहिल्यांदाच मुलगा बघण्याचा कार्यक्रम झाला. सासूबाई खुर्चीवर, नर पुढे. अंगाने कसा आहे, पाय सरळ पडतात का, दुसऱ्याच्या ताटात तोंड घालतो का. मावशींनी अंगठी आणली होती, ती नम्रपणे नाकारण्यात आली. शेवटी जो सर्वांत शांत होता तो पसंत पडला. "आवाज नाही, भांडण नाही, वेळेवर घरी येतो," सासूबाई म्हणाल्या. असा जावई त्यांना माणसांत मिळाला नव्हता, आणि जावई तिथेच बसले होते. बाकीच्या नरांची आजींनी व्यवस्था लावली. नाताळ जवळ आला होता. वसईच्या किरिस्तावांकडे नाताळात बदकाचा रस्सा असतो एवढं सांगते, पुढचं तुम्ही समजून घ्या. वाटीभर आमच्याकडेही आला. चव उत्तम होती. आवाज नसलेल्या प्राण्याला चव तरी असावी, असं सासरे म्हणाले.

यानंतर खुराड्यात सगळं ठरल्यासारखं झालं. हिरव्या दोऱ्यांच्या मुली आणि एक घोगरा जावई. मुली पहाटेपासून गलका करायच्या, जावई मागे मागे खर्र-खर्र करत 'मीही तेच म्हणत होतो' अशा अर्थाने माना हलवायचा. सहाव्या महिन्याच्या सुमाराला एका सकाळी सासूबाईंनी खुराडं उघडलं तर पेंढ्यात अंडं. बदकं बहुधा पहाटेच अंडी घालतात, त्यामुळे घालणारीला कुणी पाहिलं नव्हतं. अंडं कोंबडीच्या अंड्याहून मोठं, जड, गुळगुळीत.

पुन्हा सगळे जमले. आता प्रश्न होता, कुणाचं? मावशी म्हणाल्या, फिकटीचं, तिचं तोंड बघा कसं उतरलंय. दिरांच्या मते गप्प असते तिचं. भाऊजी लांबूनच बोलले, शर्ट नवा होता. भाच्याने फोटो काढला आणि या वेळी अ‍ॅपने अंडं अचूक ओळखलं, बटाटा म्हणून. आजी कुंपणापलीकडून म्हणाल्या, "कुणाचं का असेना, कढई ठेव." जावयाने घातलेलं नाही, एवढ्यावर शेवटी सर्वांचं एकमत झालं. वाडीवाल्या काकांनी मात्र अंडं हातात घेऊन बराच वेळ फिरवलं, त्याचं टोक निरखलं, पाटलांकडे एकवार पाहिलं आणि म्हणाले, "पाटलांचं नसणार. पण यातून निघेल तो नरच."

सासूबाईंनी ते त्यांच्या हातातून घेतलं आणि तव्यावर फोडलं.